सिल्व्हरचा नाटकीपणा हीच त्या सिनेमाची किल्ली आहे

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी रत्नागिरीजवळ राहते. वय 46. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे व्हिडिओ कॅसेटवर ‘ट्रेझर आयलंड’ पाहिला होता, डिस्नेचा, 1950 सालचा. एका पायाचा, खांद्यावर पोपट घेऊन फिरणारा लाँग जॉन सिल्व्हर तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. यंदा बहिणीने त्याची डीव्हीडी पाठवली आणि मी मोठ्या हौसेने मुलाला शेजारी बसवलं. तो सातवीत आहे, ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चं त्याला वेड आहे. अर्ध्या तासात तो हसायला लागला. “आई, हा माणूस किती ओव्हरअ‍ॅक्टिंग करतो! आणि मागचं बंदर चित्र आहे, सरळ कळतंय.” मग उठून खेळायला गेला.

हे इतिहासाचे शिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं वेगळंच: “कान्होजी आंग्र्यांना ज्या इंग्रजांनी चाचे ठरवलं, त्यांच्याच चाच्यांचं कौतुक मुलाला कशाला दाखवतेस?” शिवाय सिनेमात एका माणसाला मुलगा गोळी घालतो, तेही त्यांना खटकलं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा सिनेमा खरंच चांगला आहे, की फक्त माझ्या लहानपणामुळे मला चांगला वाटतो? मुलाला तो पुन्हा कसा दाखवू? आणि सिल्व्हर खुनी, खोटारडा असूनही मला तो आवडतो, यात काही चुकतंय का?

आपली एक वाचक

उत्तर

प्रिय ताई,

सिनेमा चांगला आहे. तुमच्या लहानपणाने त्यात गोडवा मिसळला असेलही, पण मी तो मोठी झाल्यावर पहिल्यांदा पाहिला, मामाकडच्या सुट्टीची आठवण माझ्यापाशी नव्हती, तरी मला तो आवडला आणि अजून आवडतो. तेव्हा पहिल्या प्रश्नाबाबत निर्धास्त राहा.

तुमच्या लेकावर मात्र नाराज होऊ नका. त्याने दोन गोष्टी टिपल्या आणि दोन्ही बरोबर टिपल्या. सिल्व्हर अभिनयाचा अतिरेक करतो, हे खरं. मागचं बंदर रंगवलेलं आहे, हेही खरं. बारा वर्षांच्या मुलाची नजर इतकी तयार असेल तर त्याला “गप्प बस, क्लासिक आहे” असं म्हणण्यात काही अर्थ नाही. त्याला विचारायचं ते एवढंच: हा माणूस इतकं नाटक कुणासमोर करतोय, आणि का?

सिल्व्हर हा अट्टल नट आहे. रॉबर्ट न्यूटन हा नट सिल्व्हरची भूमिका करतो, आणि तो सिल्व्हर दिवसभर स्वतःच वेगवेगळ्या भूमिका करत फिरतो. बेटावरचा खजिना शोधायला जहाज काढणाऱ्या जमीनदार ट्रेलॉनीसमोर तो देशासाठी पाय गमावलेला, आता पोटापाण्यासाठी जहाजावर स्वयंपाकी व्हायला तयार असलेला गरीब म्हातारा खलाशी. कॅप्टन स्मॉलेटसमोर शिस्तीचा, आज्ञाधारक नोकर. जिमसमोर, म्हणजे गोष्टीचा नायक असलेल्या मुलासमोर, प्रेमळ काका. आणि स्वतःच्या टोळीसमोर, ज्यांना तो एका नजरेत गप्प करतो, खरा सरदार. त्याचे डोळे गरागरा फिरणं, आवाज चढवणं, मान तिरकी करून लाडीगोडीने बोलणं, हे सगळं समोरच्या माणसाप्रमाणे बदलतं. एकदा हे लक्षात आलं की तुमचा मुलगा ज्याला ओव्हरअ‍ॅक्टिंग म्हणतो तीच पाहण्याची गोष्ट होऊन बसते. सिल्व्हर अतिरेक करतो, कारण त्याच्या जिवाचं सगळं त्या अतिरेकावर टांगलेलं आहे. एकाही माणसाला संशय आला तर फास ठरलेला.

हा धागा मूळ कादंबरीतच पक्का विणलेला आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने पायाचीच गोष्ट दोनदा सांगितली आहे. ट्रेलॉनी पत्रात मोठ्या अभिमानाने कळवतो की या माणसाने अ‍ॅडमिरल हॉकच्या हाताखाली देशसेवेत पाय गमावला. पुढे जहाजावर सिल्व्हर आपल्या माणसांशी बोलताना सहज सांगून टाकतो की ज्या तोफांच्या भडिमारात पाय गेला त्याच भडिमारात त्याच्या जोडीदाराचे, आंधळ्या प्यूचे, डोळे गेले. म्हणजे फ्लिंट या सरदाराच्या चाच्यांबरोबर असताना. एकच पाय, दोन इतिहास, आणि ज्याला जो हवा तो मिळतो. स्टीव्हन्सन इथे थांबून काही समजावत बसत नाही. वाचणाऱ्याने दोन्ही जागा स्वतः जोडायच्या. हे जोडकाम मुलांना फार आवडतं. तुमच्या लेकालाही आवडेल.

आता सफरचंदाच्या पिंपाचा प्रसंग. जिम सफरचंद घ्यायला पिंपात उतरतो, तेवढ्यात बाहेर सिल्व्हर येऊन बसतो आणि जहाज ताब्यात घेण्याचा बेत जिमच्या कानावर पडतो. कथा इथून फिरते, हे कुणीही सांगेल. पण कादंबरीत त्या प्रसंगातला सगळ्यात जीवघेणा घाव बंडाचा नाहीच. सिल्व्हर एका तरुण खलाशाला फितवत असतो आणि त्याची स्तुती करायला जे शब्द वापरतो ते हुबेहूब तेच असतात, जे त्याने जिमला वापरले होते. जिमला कळतं की आपण खास नव्हतो. आपल्यासाठी म्हणून जे प्रेम होतं ते या माणसाच्या पोतडीतलं नेहमीचं हत्यार होतं. जिमला तेव्हा इतका संताप येतो की पिंपातून हात पोहोचला असता तर त्याने सिल्व्हरला मारलं असतं. फसवणूक झालेल्या कुठल्याही मुलाला, आणि मोठ्या माणसालाही, हा संताप ओळखीचा वाटेल.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: सिनेमा पुन्हा लावण्याआधी हे एक प्रकरण मुलाला वाचून दाखवा. सबंध कादंबरी नको, एवढंच. मराठीत या कादंबरीचे अनुवाद आणि संक्षिप्त आवृत्त्या निघालेल्या आहेत, जवळच्या वाचनालयात विचारा. संक्षिप्त आवृत्तीत हा स्तुतीचा तपशील गाळलेला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर तुम्ही तो तोंडी सांगा. मग त्याला एक काम द्या: सिल्व्हर कुठे कुठे खोटं बोलतो ते पकडायचं. आणि त्याहून अवघड काम: तो खरं कुठे बोलतो ते शोधायचं. यावर तुम्हा मायलेकांचं एकमत होणार नाही. होऊही नये.

दुसरी व्यावहारिक गोष्ट. सिनेमातले उच्चार आपल्याकडच्या मुलांना जड जातात. न्यूटनचं बालपण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये गेलं. जन्म त्याच भागातल्या डॉर्सेटमधला. तिकडच्या बोलीत ‘र’ घोळवून, ओढून म्हणतात. न्यूटनने तीच आपली बोली आणखी फुगवून सिल्व्हरच्या तोंडी घातली. आज जगभर कुणीही चाच्याची नक्कल करताना जो “आर्र्र” म्हणतो तो मुख्यतः या नटामुळे रूढ झाला असं मानतात. तुमच्या लेकाच्या आवडत्या सिनेमांमधले काही चाचेही ज्या सुरात बोलतात त्याचं मूळ इथेच आहे. त्याला हे सांगा. आपल्या आवडीच्या गोष्टीचा आजोबा भेटल्यावर मुलं जरा वेगळ्या नजरेने बघतात. इंग्रजी सबटायटल लावा. आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट सोडा. सिनेमा 96 मिनिटांचाच आहे, पण जहाज बेटाला लागेपर्यंत एक दिवस आणि त्यानंतरचं दुसऱ्या दिवशी, असं पाहिलंत तरी काही बिघडत नाही. कादंबरी तरी पहिल्यांदा कुठे एकदम आली होती? 1881 च्या ऑक्टोबरपासून 1882 च्या जानेवारीपर्यंत ती मुलांच्या एका साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापली गेली, तीही टोपणनावाने. पुस्तक 1883 मध्ये निघालं. प्रत्येक हप्त्यानंतर आठवडाभर वाट पाहायची, ही या गोष्टीची मूळ चालच आहे.

आता रंगवलेल्या बंदराबद्दल. हा भाग मला फार प्रिय आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगते.

डिस्नेचा हा पहिला असा पूर्ण लांबीचा सिनेमा, ज्यात कार्टून अजिबात नाही. तो हॉलिवूडच्या कंपनीचा असला तरी घडला इंग्लंडात, आणि त्याचं कारण पैशाचं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून अमेरिकी सिनेमांनी ब्रिटनमध्ये कमावलेला पैसा देशाबाहेर न्यायला सरकारने बंधनं घातली. डिस्नेचा पैसा तिथे अडकला. नेता येत नाही तर तिथेच खर्च करावा, या हिशेबाने डेनहॅम स्टुडिओत आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर चित्रण झालं. त्यामुळे दिग्दर्शक बायरन हॅस्किन अमेरिकी, पण बाकी जवळजवळ सगळी माणसं ब्रिटिश. छायाचित्रणाला फ्रेडी यंग होता. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तलं वाळवंट ज्याने टिपलं आणि त्यासाठी ऑस्कर मिळवलं, तोच. गोष्टीतलं हिस्पॅनिओला जहाज म्हणून वापरलेलं गलबत 1887 साली बांधलेलं, खरं शिडाचं होतं. खोल समुद्राची दृश्यं आणि डोलकाठीवरची पळापळ पाहताना शिडांचा ताण डोळ्यांना खरा वाटतो तो त्यामुळे. कोकणातल्या मुलाला हे वेगळं सांगावं लागणार नाही. वारा भरलेलं शीड आणि पंख्याने फुगवलेलं कापड यातला फरक त्याला तुमच्या-माझ्याआधी कळेल.

बंदरातली गर्दी, दूरवर उभी असलेली जहाजांची रांग, अठराव्या शतकातलं ब्रिस्टल, हे मात्र उभं करणं परवडणारं नव्हतं. तिथे पीटर एलेनशॉ नावाचा चित्रकार आला. मोठ्या काचेवर तो जुनं शहर, जहाजं, आभाळ रंगवायचा आणि जिथे खरी माणसं चालायची असतील तेवढी जागा मोकळी सोडायचा. मग चित्र आणि खरी माणसं एकाच चौकटीत बसवली जायची. रंग, प्रकाशाची दिशा, क्षितिजाची रेषा यातलं काहीही तसूभर हललं तरी खेळ उघडा पडतो. याच एलेनशॉला पुढे ‘मेरी पॉपिन्स’मधल्या दृश्यकामासाठी ऑस्कर मिळालं.

मुलाला हे हाताने करायला लावा. खिडकीच्या काचेवर, बाहेर जिथे मैदान किंवा अंगण दिसतं तिथे, धुऊन जाणाऱ्या रंगाने एक जहाज किंवा किल्ल्याचा बुरूज काढू द्या. मोबाईल एका जागी घट्ट टेकवून त्यातून पाहायचं आणि बाहेर मित्राला चालायला सांगायचं. जहाज अंगणात उभं राहिलेलं दिसेल, निदान काही क्षण. मग उन्हं फिरली की चित्रातली सावली एकीकडे आणि मित्राची दुसरीकडे पडेल, आणि सगळं फसेल. एवढा खटाटोप केल्यानंतर पुन्हा ब्रिस्टल पाहताना तो “चित्र आहे” म्हणेलच, पण मला वाटतं त्याचा सूर बदललेला असेल. आजचा समुद्र संगणकावर तयार होतो, तोही खराखुरा नसतोच. दोन्हीकडे कुणीतरी बसून केलेलं काम आहे, आणि काचेवरच्या कामात चुकलेली रेघ मागे घेण्याची सोय फार थोडी होती.

जिम झालेल्या बॉबी ड्रिस्कॉलबद्दलही एक गोष्ट मुलाला ऐकवण्यासारखी आहे. तो अमेरिकी, वय बाराच. इंग्लंडात लहान मुलाने काम करण्याचे नियम कडक, आणि त्याच्याकडे परवाना नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं, दंड झाला. अपील चालू असेपर्यंत मिळालेल्या मुदतीत हॅस्किनने त्याचे जवळून घ्यायचे प्रसंग भराभर उरकले, आणि लांबून दिसणाऱ्या जागी दुसऱ्या मुलाला उभं केलं. दूरच्या दृश्यांत जिमचा चेहरा नीट दिसत नाही तिथे लक्ष ठेवायला सांगा. त्याचे अमेरिकी उच्चार इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या जिमच्या घरच्या खाणावळीत विसंगत वाटतात, हा दोष मी नाकारत नाही. तरी सिल्व्हरकडे बघतानाचा त्याचा चेहरा पाहा. त्यातला विश्वास शिकवून आणलेला वाटत नाही. (मोठा झाल्यावर ड्रिस्कॉलची फार परवड झाली. 1968 मध्ये वयाच्या 31 व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो गेला तेव्हा त्याला कुणी ओळखलंही नाही, बेवारस म्हणून दफन झालं. हे मुलाला आत्ता सांगू नका. तुम्हाला सांगावंसं वाटलं.)

दोष आणखीही आहेत. लाकडी गढीवरची लढाई मला दर वेळी लांबलेली वाटते. बेट उष्ण प्रदेशातलं आहे यावर विश्वास बसत नाही, इंग्लंडचं ओलं रान लपत नाही. आणि कादंबरीतली जिमची आई सिनेमात नाहीच. खाणावळीत उतरलेल्या बिली बोन्स या चाच्याच्या पेटीतून आपल्या हक्काचे तेवढेच पैसे मोजून घेणारी ती करारी बाई मला फार आवडते, तिची उणीव जाणवते. पण तिला वगळल्याने एक गोष्ट साधली आहे: सिनेमातल्या जिमला मागे परतून जावं असं कुणी उरत नाही, आणि म्हणून सिल्व्हरने “पोरा” म्हणत खांद्यावर हात ठेवला की तो मुलगा लगेच त्याचा होऊन जातो.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी घडवलेल्या समेटानंतर छत्रपती शाहूंनी त्यांना त्या पदावर कायम केलं. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, ही सत्तेची मागणी होती. पोर्तुगीजही आपल्या परवान्याची तशीच सक्ती करत होते. ती मागणी ईस्ट इंडिया कंपनीला मान्य नव्हती, म्हणून तिच्या कागदपत्रांत ते चाचे झाले. फ्लिंट आणि सिल्व्हर यांच्यामागे ना राज्य, ना प्रजा, ना कुठला किल्ला. हा फरक मुलाला समजावायला त्याच्या बाबांइतकं योग्य माणूस दुसरं कोण? सिनेमा टाळण्यापेक्षा तो पाहून झाल्यावर ही चर्चा घरात होऊ द्या.

बाबांना आणखी एक धागा द्या, त्यांना आवडेल. कादंबरीत सिल्व्हर आपल्या पोपटाची थोरवी सांगताना म्हणतो की हा पक्षी मलबारला होता, मादागास्करला होता, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयचं जहाज लुटलं तेव्हाही हजर होता. ही निव्वळ थाप नाही. 1721 च्या एप्रिलमध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाजवळ लेव्हासर आणि टेलर या चाच्यांनी एक पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यावर गोव्याची मुदत संपवून मायदेशी निघालेला व्हाइसरॉय, एरिसेइराचा काउंट, होता आणि हिरेमाणकांची प्रचंड लूट होती. त्याच वर्षाच्या अखेरीला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. एकाच वर्षी, एकाच समुद्रावर, खरे चाचेही होते आणि ज्यांना चाचे म्हटलं गेलं ते आरमारही होतं. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. सिनेमा पाहून झाल्यावर बाप-लेकांनी तिथे एक फेरी मारावी आणि हा सगळा हिशेब जागेवर उभं राहून करावा.

गोळीबाराचा प्रसंग: सिल्व्हरच्या टोळीतला जखमी इस्रायल हँड्स डोलकाठीवर जिमच्या मागे चढतो, सुरा फेकतो, जिमच्या खांद्याला लागतो आणि जिमच्या पिस्तुलातून गोळी सुटते. अमेरिकेत 1970 च्या दशकात हा सिनेमा पुन्हा लावताना अशा जागा कापल्या होत्या, म्हणजे ही काळजी एकट्या तुमच्या यजमानांची नाही. पण बारा वर्षांच्या मुलाने तो पाहायला माझी हरकत नाही. आधी कल्पना द्या, शेजारी बसा. त्याच्या नव्या सिनेमांत तलवारीने डझनावारी माणसं पडतात आणि कुणाला काही वाटत नाही. इथे एक माणूस मरतो आणि त्याचं ओझं त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसतं. मला हे जास्त जबाबदारीचं वाटतं.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, जो तुम्ही शेवटी आणि जरा चाचरत विचारला आहे. तुमचं काही चुकत नाही. सिल्व्हर आवडावा असाच घडवलेला आहे, आणि कसा घडवला ते स्टीव्हन्सनने स्वतः लिहून ठेवलं आहे. विल्यम अर्नेस्ट हेन्ली हा कवी त्याचा जिवलग मित्र. धिप्पाड, गडगडाटी हसणारा, क्षयाने एक पाय गमावलेला. स्टीव्हन्सनने काय केलं, तर मित्राच्या स्वभावातलं सगळं उदात्त, सगळी सचोटी काढून घेतली आणि त्याचं बळ, धैर्य, हजरजबाबीपणा आणि माणसांना आपलंसं करणारा तो उमदेपणा तेवढा ठेवला. म्हणजे सिल्व्हरमध्ये जे तुम्हाला आवडतं ते एका खऱ्या, चांगल्या माणसाकडून आलेलं आहे. नेमकं जे नाही, त्याने तो भयंकर होतो. मुलांना आयुष्यात अशी माणसं भेटणारच आहेत, गोड बोलणारी, कौतुक करणारी, हुशार. काळ्या कपड्यातला, दात विचकणारा खलनायक पाहून त्यांना ती ओळखता येणार नाहीत. सिल्व्हर पाहून कदाचित येतील.

आणि तरी हा सिनेमा त्यावरही थांबत नाही, म्हणून मी त्याला चांगला म्हणते. कादंबरीत सिल्व्हर परतीच्या वाटेवर एका बंदरात, बेटावर सापडलेल्या बेन गन या जुन्या चाच्याच्या मदतीने पैशाची एक थैली घेऊन पसार होतो, जिमच्या नकळत. सिनेमाने हा शेवट बदलला. इथे सिल्व्हर जिमलाच ओलीस धरून लहान होडीतून पळतो, जिम होडी मुद्दाम वाळूत रुतवतो, आणि सिल्व्हर त्याच्यावर पिस्तूल रोखतो. त्याला गोळी घालवत नाही. मग एका पायावर ती जड होडी पाण्यात लोटायची त्याची धडपड सुरू होते, आणि ते पाहून जिम जाऊन होडीला हात लावतो. संपूर्ण सिनेमाभर प्रत्येकासाठी एक नवा चेहरा करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर, पिस्तूल खाली करताना, न्यूटनने काहीच केलेलं नाही. ना डोळे फिरत, ना ओठ वाकडा. तुमच्या मुलाने हे स्वतः पकडायला हवं. आधी सांगू नका. फक्त त्या प्रसंगात जेवायला हाक मारू नका आणि फोन बंद ठेवा.

जिमने होडी लोटून बरोबर केलं का, यावर तुमच्या घरात वाद होईल. बाबा बहुधा नाही म्हणतील. कायद्याने त्यांचंच खरं आहे. मुलाला बोलू द्या.

त्याला गोडी लागली तर पुढे काय, तेही सांगून ठेवते. 1934 चा कृष्णधवल ‘ट्रेझर आयलंड’ व्हिक्टर फ्लेमिंगचा. त्यात वॉलेस बीरीचा सिल्व्हर जास्त मऊ, गबाळा, आणि जिम झालेला जॅकी कूपर फार रडतो. मला तो 1950 च्या खाली वाटतो, पण लायनेल बॅरिमोरने केलेल्या बिली बोन्ससाठी पहिली वीस-पंचवीस मिनिटं जरूर पाहा. चार्लटन हेस्टनचा 1990 चा कादंबरीशी जास्त इमान राखतो, त्यात तरुण ख्रिश्चन बेल जिम आहे आणि मारामारी अधिक खरी आहे. तो दोन-तीन वर्षांनी. त्याआधी मात्र पुस्तक त्याच्या हाती द्या, आणि पिंपाच्या प्रकरणापाशी खूण घालून ठेवा.